लाल टोपडं घातलेला कॅमेरा

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका नवरीच्या केसांत अडकले होते. शहापुरात माझं छोटंसं पार्लर आहे. लग्नसराईत तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. फोन स्पीकरवर टाकला तर मंदावहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "तुजा दादा गेला गो." छातीत दुखतं म्हणून मुरबाडहून जीपमध्ये घातलं होतं, कल्याणपर्यंत पोचलाच नाही. माझा तो आतेभाऊ. आरशातून माझ्याकडे बघून नवरीच रडायला लागली. मी तिचा अंबाडा तसाच पुरा केला... हात चालत होते, एवढंच आठवतं.

दादाचा धंदा कॅमेरे बसवण्याचा. दुकानं, पेट्रोलपंप आणि मुरबाडच्या बाजूला उगवलेली मुंबईकरांची फार्महाउसं. अशाच एका फार्महाउसवाल्याने नवे कॅमेरे लावले आणि जुने "भंगारात टाक" म्हणून याच्या हवाली केले. या पठ्ठ्याने ते गावात आणून त्यांच्यावर सिनेमे काढायला घेतले! भिंतीवर ठोकायचे कॅमेरे ते, त्यांना ना मान वळवता येते ना दोन पावलं पुढे जाता येतं. मग नटांनीच कॅमेऱ्यासमोर यायचं, आणि वायर जिथं संपेल तिथं आमचं जग संपायचं. एकदा बांबूला कॅमेरा बांधून दोघे जण बांधावरून पळाले, तर ते टीव्हीवर बघताना दादाच्या सासऱ्यांना चक्कर आली. मेकअप माझ्याकडे. अंधार पडला की त्या कॅमेऱ्यात सगळे पांढरेफटक दिसायचे, डोळे मांजरासारखे चमकायचे. माझी सगळी मेहनत पाण्यात. मी चिडले की म्हणायचा, "चालेल गो, भुताचा सिनेमा काढू." आणि काढलाही.

एक कॅमेरा कायम त्याच्या पडवीत होता, कारण आमच्या सिनेमातल्या निम्म्या गोष्टी पडवीतच घडायच्या. सुरुवातीला तिथंच घोडं अडलं. बायका पडवीत पाऊल ठेवीनात. "तो डोळा बघतो आमाला," म्हणायच्या. तेव्हा दादाने मुलीचं लहानपणीचं लाल लोकरीचं टोपडं आणलं, कॅमेऱ्याला घातलं आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, "टोपडं घातलं की हा झोपला. बिनधास्त बोला." तेव्हापासून शूटिंग सुरू करताना आमच्याकडे "टोपडं काढा!" असा पुकारा व्हायचा आणि संपलं की "टोपडं घाला!" मधल्या वेळात बायका त्याच्याखाली तांदूळ निवडत बसायच्या, सासवासुनांची उणीदुणी काढायच्या, कधी डोळे पुसायच्या. घरात जे बोलता येत नव्हतं ते तिथं बोलता यायचं.

संवाद दादाच लिहायचा, आणि ते इतके अस्सल की ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालायचे. "सुचतं कसं रे तुला?" असं मी एकदा विचारलं. "कान उघडे ठेवायचे," म्हणाला. मी हसले होते.

मग कमलकाकीचं ते प्रकरण झालं. काकी आमच्या सिनेमात सासूची कामं करायची. तिचा मुलगा वाशिंदला कारखान्यात. एका सिनेमात ती नव्हती, म्हातारीचं काम दुसरीनेच केलं होतं. देवळापुढे चादर बांधून आम्ही तो दाखवला. त्यात म्हातारी मुलाला म्हणते, "घर घेतलंस, बरं केलंस. माजी खाट कुठं टाकायची तेवढं सांग." लोक मुसमुसत होते आणि कमलकाकी उठून उभी राहिली. सिनेमा संपल्यावर सगळ्यांदेखत दादाला म्हणाली, "हे मी फक्त माज्या बहिणीला बोलले होते. तुज्या पडवीत, तुज्या त्या डोळ्याखाली." दादाचा चेहरा उतरला. "टोपडं होतं ना काकी? मग?" एवढंच बोलला. टोपडं होतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. गावाने म्हातारीला वेड्यात काढलं आणि ती परत कधी पडवीत आली नाही. दादाच्या मयतीलाही रस्त्यावर उभी राहिली, तिथूनच हात जोडले.

काही दिवसांपूर्वी मी मुरबाडला गेले. वहिनीला दादाचे सिनेमे गावाला पुन्हा दाखवायचे होते, ते उतरवून घ्यायचे होते. पडवीतल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर चालूच होता. दादा गेल्यापासून वहिनीला तो बंद करवला नव्हता. अलीकडचं रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर टीव्हीवर नुसता काळोख... टोपडं घातलेलं, दिसणार काय? बंद करणार इतक्यात त्या काळोखातून वहिनीचा आवाज आला. "आज परसात भेंडी लावली. तुमी असता तर म्हणाला असता, एवढी कशाला." ती रोज संध्याकाळी पडवीत बसून त्याच्याशी बोलत होती आणि ते सगळं आत साठत होतं. आमच्या सिनेमातले आवाज याच कॅमेऱ्यातून तर यायचे! पण टोपड्याने डोळा झाकतो, कान नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचं ठीक आहे. दादाचा तर तो धंदा होता.

मी मागचं लावलं, दादा होता त्या दिवसांतलं. शेजारचा कुणी भावाच्या वाटणीचं सांगायला बसतो आणि दादाचा आवाज येतो, "इथं नको रे. चल, अंगणात बोलू." चपला वाजतात, मग नुसत्या कोंबड्या. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मलाही तो कितीदा तसाच बाहेर घेऊन जायचा. मला वाटायचं, तंबाखू खायची असेल, वहिनीसमोर खाता येत नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. पण कधीपासून? भांडणाआधीचं रेकॉर्डिंग तर केव्हाच पुसलं गेलेलं. कमलकाकी भांडली तेव्हा कळलं आणि लाजेने गप्प राहिला? कॅमेरा काढला असता तर काकीचं खरं ठरलं असतं. की पहिल्यापासूनच तो आमच्या बायकांची दुःखं ऐकून वहीत उतरवत होता... ही अंगणात न्यायची सवय त्याला भांडणाआधीची की नंतरची, हे काही केल्या मला आठवत नाही. मला त्याचा राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली आणि पडवीत तिच्या नेहमीच्या जागी बसली. वर टोपडं होतं, आता विटून गुलाबी झालेलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एक विचारू गो? कमलकाकी बोलली होती ते... तुज्या दादानं खरंच..."

मी कप खाली ठेवला.

"इथं नको वहिनी. चला, अंगणात बोलू."