दादा बसला की गाडी ओरडायची

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. भूतबाधा, अंगात येणं, अमावस्या... आमच्या घरात या गोष्टींना कधी थाराच नव्हता. वडील बुद्धवंदना घ्यायचे आणि नंतर आम्हाला सांगायचे, "तपासून बघा, मग माना." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण मी तपासून बघितलं. तरीही उत्तर मिळालं नाही, म्हणून लिहितेय.

मी नाशिकरोडला राहते, कॉलेज निफाडला. रोजचं एसटीने जाणं नको झालं होतं. तेव्हा माझा मामेभाऊ म्हणाला, "माझी गाडी तूच घे. घरातली वस्तू घरात राहील." त्याला मी दादा म्हणते. मला सख्खा भाऊ नाही. माझं लग्न ठरवण्यापासून वडिलांच्या शेवटच्या आजारापर्यंत सगळीकडे तोच उभा होता. त्यामुळे मी गाडी तपासूनसुद्धा घेतली नाही. दादाची गाडी काय तपासायची?

काही आठवड्यांत आवाज सुरू झाला. गाडी उभी असताना काही नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून खडखड. जेल रोडच्या गॅरेजवाल्या रफीकभाईंनी गाडी वर चढवली. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सुटून पाइपवर आपटत होता, आणि इंजिन ज्या रबरावर बसतं ते एका बाजूने फाटलं होतं. "जोर दिला की इंजिन उचलतं मॅडम, म्हणून आवाज," ते म्हणाले. मग पत्रा हातात धरून बघत राहिले. "पण हा असा कसा वाकला? खाली काहीतरी फरफटलंय."

मी दादाला फोन केला. "दगड लागला असेल कुठेतरी," तो म्हणाला.

दुरुस्ती झाली, गाडी गप्प झाली. मी खूश.

नंतर एका रविवारी निफाडला नातेवाइकांकडे साखरपुडा होता. दादा माझ्यासोबत निघाला. नांदूर नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, मी स्पीड घेतला... आणि गाडीखालून आवाज उठला. आधीची खडखड नव्हती ही. लोखंड डांबरावरून घासत नेल्यासारखा लांबलचक, किंचाळणारा आवाज. पाय काढला की बंद. दाबला की पुन्हा. दादा पांढराफटक पडला होता. "काम नीट झालं नाही तुझ्या मेकॅनिकचं," एवढंच बोलला, आणि येताना दुसऱ्यांच्या गाडीतून आला. मी एकटी परतले, त्या वाटेवर आवाज नाही!

रफीकभाईंनी पुन्हा सगळं पाहिलं. "शेजारी वजन पडलं की पाइप कुठे टेकत असेल," म्हणत स्वतः बाजूला बसले. ते दादापेक्षा चांगलेच जाड आहेत. आम्ही पार आडगावपर्यंत जाऊन आलो. चढावर दाबली, सपाटीला दाबली. काही नाही. "तुमच्या भावालाच घेऊन या," ते हसत म्हणाले.

दादा काही यायला तयार होईना. आज काम, उद्या पाहुणे. शेवटी एका दुपारी निफाडच्या बस स्टँडवर तो मला उभा दिसला. बस बराच वेळ आली नव्हती. मी गाडी समोरच लावली. त्याचा नाइलाज झाला. मागच्या सीटवर बसला.

चांदोरीच्या अलीकडे मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तोच आवाज. यावेळी मी पाय काढला नाही, मला ऐकायचं होतं. आणि दादा मागून ओरडला,

"थांबव! सायकल अडकलीये खाली, थांबव!"

मी ब्रेक मारला. उतरून वाकून पाहिलं. खाली काहीही नव्हतं.

"कुठली सायकल, दादा?"

तो दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता. मग बोलला. मला गाडी देण्याच्या थोडं आधी, याच पट्ट्यात, त्याने एका सायकलवाल्याला उडवलं होतं. सायकल गाडीखाली अडकली. ती तशीच फरफटवत तो पुढे गेला, आडरस्त्याला थांबून ओढून काढली आणि पाटाच्या पाण्यात टाकली. त्या माणसाकडे वळूनही पाहिलं नाही.

"आणि गाडी मला दिलीस?"

"तुझ्यावर कोण संशय घेणार? तू मास्तरीण," तो म्हणाला. अगदी साधेपणाने... जणू माझं कौतुकच करत होता.

तो माणूस मी शोधला. द्राक्षबागेत कामाला जायचा. आता कुबडी घेऊन ओट्यावर बसलेला असतो. मी आवाजाबद्दल अक्षरही काढलं नव्हतं. तोच म्हणाला, "गाडीचा रंग ध्यानात नाय ताई. पण माझी सायकल वरडत गेली त्याच्या गाडीखाली, ते अजून कानात हाय."

मी दादाला सांगितलं, आपण दोघं पोलिसांत जाऊ, मी तुझ्यासोबत उभी राहीन. तो तेव्हा हो म्हणाला. मग एकटाच गेला. आणि काय जबाब दिला? गाडी नावावर नंतर झाली, पण वापरायला आधीपासून बहिणीकडेच होती. वहिनीनेही तेच सांगितलं. ज्या वहिनीचं बाळंतपण मी रजा टाकून केलं, तिने.

मी वाचले ती त्या कुबडीवाल्या माणसामुळे. "काच खाली होती, चालवणारा गडी होता, बाई नव्हती," असं त्याने ठासून सांगितलं. माझ्या माणसांनी मला अडकवलं आणि ज्याचा पाय आमच्या गाडीने मोडला त्याने सोडवलं.

दादा जामिनावर बाहेर आहे. मामी म्हणते, "घरातलं घरात ठेवायचं होतंस." माझ्याशी आता कोणी बोलत नाही.

आवाज कशाचा होता, मला माहीत नाही. रफीकभाईंनाही नाही, ते आता विषय काढला की चहा मागवतात. त्या दुपारनंतर तो आवाज एकदाही आला नाही. मी कधीकधी मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबते, काचा खाली करून ऐकते. खरं सांगू? एकदा तरी यावा असं वाटतं, गाडीत मी एकटीच असताना. म्हणजे दोष गाडीतच होता, असं मला म्हणता येईल.