फाईल अडवून बसलेल्या बाई

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा कोर्स केलेला मी एकटाच. सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावलं होतं. त्यामुळं काही बिघडलं की मला हाक. मी माउसच्या पोटातली गोळी काढायचो, शर्टाला पुसायचो, परत घालायचो. खात्रीनं येत होतं ते एवढंच.

संस्था सहकारी. म्हशींच्या लसीकरणाच्या नोंदी नुकत्याच वहीतून मशिनीत गेल्या होत्या. चार टेबलांवर चार मशिनं, पण फाईल सगळ्यांची एकच. रोज ती आधी उघडायच्या पुढच्या टेबलावरच्या बाई. जयसिंगपूरहून त्यांची एसटी लवकर पोचायची. त्यांचं काम झकास चालायचं आणि बाकीच्यांच्या पडद्यावर पाटी यायची, की फाईल दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात आहे.

"बाई, उठा की फायलीवरनं," मागच्या टेबलावरचे क्लार्क ओरडायचे.

"मी काय बसलीया व्हय तिच्यावर?"

शेवटी साहेबांनी सांगितलं, या आठवड्यात हे थांबलं नाही तर बाईंचा कॉम्प्युटर काढून घ्यायचा आणि त्यांना रेकॉर्ड रूमला पाठवायचं. धुळीच्या गठ्ठ्यांतून सुटायला बाई मुद्दाम टायपिंग शिकल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मी सेटिंगला हात लावला की मशिन म्हणायचं, तुम्हाला हा अधिकार नाही. घरीही मी हेच ऐकायचो, पण तिथं निदान कारण कळायचं. अधिकार फक्त साहेबांच्या नावावर होते. मशिनं बसवणाऱ्यानं ते कुणाला द्यायचे म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे काय, मलाच." त्यानंतर त्यांच्या केबिनमधल्या मशिनीवरचं कव्हरही निघालं नव्हतं.

शनिवारी मी बाईंना फाईल सगळ्यात शेवटी उघडायला लावली. मागच्या टेबलानं आधी उघडली, आणि पाटी आली बाकी सगळ्यांना, बाईंनाही.

"आता कोण बसलंय?" बाईंनी विचारलं. मागच्या टेबलावरचे क्लार्क चहाला उठले.

म्हणजे दोष बाईंचा नाही. मग कुणाचा?

दुपारी शिरोळचे पाहुणे आले. त्यांना दाखवायला साहेबांनी आम्हा सगळ्यांना फाईल बंद करायला लावली आणि मी चालू करून दिलेल्या केबिनमधल्या मशिनीवर स्वतः उघडली. मागोमाग चारी टेबलांवर ती बिनतक्रार उघडली. मी आधी श्रेय माउसच्या गोळीला दिलं. मग मशिनं बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पहिला उघडणारा त्या फोल्डरात एक खुणेची फाईल तयार करतो, ती बघून बाकीचे आत येतात. तुम्हाला ती करायचा अधिकारच नाही, तो फक्त साहेबांना, म्हणून तुमच्यापैकी कुणी आधी उघडली की बाकीचे बाहेर. मी "बरोबर, बरोबर" म्हणालो. अजून मला नीट कळलेलं नाही.

"साहेब, तो अधिकार आम्हाला द्या."

"कसा द्यायचा?"

ते मलाही माहीत नव्हतं. "मग रोज आधी तुम्हालाच उघडायला लागेल."

साहेब अकराशिवाय न येणारे. "आणि मी रजेवर गेलो तर?"

"तर त्या दिवशी एकालाच काम करता येईल."

"मी करते की," दारातून बाई म्हणाल्या. "माझी एसटी लवकर येतीया."

साहेबांनी रेकॉर्ड रूमचा विषय परत काढला नाही. सोमवारी ते दहाच्या ठोक्याला आले आणि केबिनमधून हाक आली, "बाई, चालू कुठनं करायचं हे?"

"ते नव्हं, साहेब. त्याच्या शेजारचं."