मी उसवलेली कादंबरी

तुमची आई कोणत्या साली सासरी आली, हे तिनं तुम्हाला कधी आकड्यात सांगितलं आहे का? की ‘संत्र्याचा मृग बहार गळला, त्या वर्षी’ असं म्हणाली? आपण ऐकतो आणि मनातल्या मनात साल बसवून घेतो. मी तेच केलं, आणि एका बाईची कादंबरी मोडली.

वच्छलामावशी गेल्याचं पोस्टकार्ड तिच्या मुलीनं, मायानं, सौंसरहून टाकलं होतं. ते पांढुर्ण्याला माझ्या हाती पडलं तोवर सगळं आटोपलं होतं... मावशी बोरगावजवळच्या शेडमध्ये संत्री निवडायची. दुपारच्या सुटीत बाया पेट्यांवर बसून तिनं लिहिलेली कादंबरी तिच्याच तोंडून ऐकत. वहीची पानं तिनं दाभणानं, पोत्याच्या सुतळीनं शिवलेली. पानांवर आकडे नव्हते. मी विचारलं तर म्हणाली, “शिवलं ना बाबू. आकडे कायले?”

मी तेव्हा सायक्लोस्टाइलची शाई नखांत घेऊन मजूर संघटनेची पत्रकं वाटत फिरायचो. छापू म्हणून कादंबरी मागून आणली आणि वाचून चिडलो. नायिकेची अकरा वर्षं चार ओळींत सरतात. धाकटं पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापते, त्याला मात्र वीस पानं. मधेच तिचं बालपण, मग म्हातारपण, मग पुन्हा तोच तवा. आणि आमच्या मजुरीच्या मोर्चाला एक वाक्य! मी सुतळी कापली, प्रसंग सालवार लावले, प्रत्येकावर लाल शाईनं साल घातलं.

मावशीनं गठ्ठा चाळला. रागावली नाही. मी मोर्चावरून वाद घातला तेव्हा हसली. “तुहा मोर्चा दोन घंट्यात सरला, बाबू. भाकरी मी अजून करूनच राहिली.” मग हळूच म्हणाली, “जसं होतं तसं शिवून दे.”

देतो म्हणालो. मग शिबिर आलं, संप आला... त्या काळात मी इतर लेखिकांच्या कादंबऱ्या वाचल्या. तिथंही वर्षं ओळीत संपत होती आणि एखादी दुपार संपत नव्हती. आम्ही त्याला पसरटपणा म्हणत आलो. ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या भुकेवर चालतो, त्यांचं घड्याळ असंच असणार, हे मला उशिरा कळलं. ते मावशीला सांगायचंही राहिलं.

गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक पानाला सुतळीची भोकं आहेत, सगळी सारखीच. शिवायला बसलो की भाकरीच्या शेवटच्या पानाशी हात थांबतो... पुढे काय होतं? मायाला माहीत नाही. आईनं घरी कधी वाचलंच नाही. क्रम ठाऊक आहे तो शेडमधल्या बायांना.

तुमच्या घरात, शेजारात कोणी त्या शेडमध्ये कामाला असेल, तर हे तिला वाचून दाखवा. भाकरीनंतर मावशीनं काय वाचलं, एवढंच विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत पोस्टकार्डावर लिहून या पुरवणीकडे पाठवा. साल घालू नका.