आप्पांच्या आवाजाचा मळ

शिवाप्पा शाहूपुरीतले आमचे शेजारी. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. मूळचे गडहिंग्लजकडचे, पण उभं आयुष्य कोल्हापुरात गुळाच्या अडत दुकानात गेलं. दिसायला पैलवान, पण कुस्तीच्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, स्वतःच्या आवाजाचा.

तरुणपणी गावाकडच्या एका मठात शिवरात्रीला त्यांनी एक भजन म्हटलं होतं. कुणीतरी ते टेप करून घेतलं. कॅसेट झिजायला लागली तेव्हा मुलानं, शिवकुमारनं, ते पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. रोज सकाळी पूजा आटोपली की आप्पा हॉलमधल्या दोन मोठ्या लाकडी स्पीकरवर ते भजन लावायचे. शेवटी टाळ्या पडायच्या आणि पाठोपाठ मठाच्या स्वामींचं वाक्य यायचं, "असा आवाज पुन्हा होणे नाही." ते झालं की आप्पा डोळे उघडून चहा मागायचे. खरं म्हणजे त्या घरघरीत वाक्याचा निम्मा भाग कळायचाच नाही. पण आप्पांनी ते आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की कानाला बरोबर तसंच ऐकू यायचं.

त्या स्पीकरांना पुढून कापडी जाळ्या होत्या. आणल्या तेव्हा दुधी रंगाच्या होत्या म्हणे. आप्पा दुकानातून आले की हातपाय धुवायच्या आधी त्यांच्यासमोर बसायचे. अंगावरची गुळाची धूळ, देवघरातला धूप, स्वयंपाकघरातल्या फोडण्या, सगळं त्या कापडात मुरत गेलं. मी पाहिल्यापासून तरी जाळ्या चिक्कीच्या रंगाच्याच होत्या. बोट लावलं तर सोडवून घ्यावं लागायचं.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या सुनेनं, विद्याश्रीनं, त्या काढल्या. आप्पा तेव्हा एका बारशाला गडहिंग्लजला गेले होते. विद्याश्रीचं काम नीटनेटकं. तिनं चौकटी हलक्या हातानं खुंट्यांतून सोडवल्या, आधी कोरड्या ब्रशनं झाडल्या, मग कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून मऊ ब्रशनं घासल्या आणि सावलीत वाळवल्या. बादलीत उरलेलं पाणी काकवीसारखं दिसत होतं. तिच्या सासूबाई मल्लव्वा दारात बसून लसूण सोलत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी आपला सांगून ठेवतो बाई, ह्यांना इचारलं असतंस तर बरं झालं असतं."

आप्पा रात्री परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भजन लावलं. मी आमच्या गॅलरीत दाढी करत होतो. पलीकडून एक बारीक, नाकातला आवाज आला. मला वाटलं, रेडिओ लागला असेल. भजन संपलं, टाळ्या पडल्या. टाळ्या कसल्या, चार माणसांच्या. मग स्वामींचा आवाज लख्ख ऐकू आला.

"असा आवाज पुन्हा होता कामा नये. जनरेटर मागं न्या."

त्या दिवशी आप्पांनी चहा मागितला नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ते स्पीकरकडं बोट दाखवून उभे होते.

"विजयसिंह, ह्यो कोण गातोय?"

"तुम्हीच की आप्पा."

"मी न्हाय. हिनं माझा गळा धुतला."

विद्याश्री हळूच म्हणाली, "मामा, कापड धुतलंय फक्त. आवाज आत पेनड्राइव्हमध्ये असतोय."

"मग स्वामी जनरेटरचं कवापासनं बोलायला लागलं?" आप्पांनी विचारलं. "काल-परवापतूर तर न्हवतं बोलत."

पाण्यानं शब्द फिरले, असं त्यांचं ठाम मत झालं, आणि उपायही त्यांनीच काढला. जो मळ गेला, तो परत आणायचा.

पहिल्यांदा जाळ्यांना धूप दिला. मल्लव्वांनी दोन्ही जाळ्या देवासारख्या पाटावर मांडल्या आणि पदरानं वारा घालत बसल्या. सगळ्या घराला ठसका लागला, पण जाळ्यांना नुसता वास लागला. मग आप्पांनी चहाचं काळं पाणी करून त्या भिजवल्या. रंग हुबेहूब आला, पण सकाळी स्वामींनी पुन्हा जनरेटर मागं न्यायला सांगितलं. तेव्हा आप्पांच्या ध्यानात आलं की नुसत्या रंगानं भागणार नाही, मळात अंग पाहिजे.

"स्कूटर काढा," ते मला म्हणाले. "कोडोलीला जायचं."

कोडोलीला ज्ञानू नावाचा त्यांचा जुना ओळखीचा, गूळ करणारा गुळव्या होता. हंगाम नुकताच सुरू झाला होता. आप्पा मागं बसले, दोन्ही जाळ्या मांडीवर उभ्या धरून. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. चौकटी बाहेरून काळ्या, तसबिरीच्या पाठीसारख्या, कापड आप्पांच्या छातीकडं. टपरीवाल्यानं ते बघून मफलर काढला.

"कोण गेलं, पावणं?"

"आवाज गेला," आप्पा म्हणाले.

"वय काय होतं?"

"तिशीचा होता."

टपरीवाल्यानं मान हलवली आणि चहात साखर जरा जास्त घातली.

गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काहील उकळत होती. ज्ञानूनं सगळी हकिकत शांतपणे ऐकली. तो हसेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं गंभीर चेहऱ्यानं एक जाळी उजेडाकडं धरली.

"पयला मळ कसा हुता? पातळ का घट्ट?"

"जुना हुता," आप्पा म्हणाले. "मुरलेला."

"मुरलेला एका दिवसात व्हायचा न्हाय. पर वाफ देऊन बघू की."

त्यानं काहिलीवरच्या आडव्या बांबूला दोन्ही जाळ्या टांगल्या. वाफ त्यांच्यातून आरपार जाऊ लागली. रस घ्यायला आलेली माणसं येऊन बघायची, कसलं यंत्र आहे म्हणून विचारायची, आणि ज्ञानू प्रत्येकाला सांगायचा, "आप्पांचा घसा हाय. शेकाय टाकलाय." शेवटी आप्पांच्या समाधानासाठी त्यानं फडक्यानं काकवीचा एक हात वरून फिरवला.

दुसऱ्या सकाळी त्या जाळ्या लावल्यावर भजन कसं आलं, ते सांगणं अवघड आहे. गोधडीत शिरून कुणी गुणगुणावं तसं आलं. शब्द एकही कळला नाही. शेवटी स्वामी नुसतं "ऊंऊं" म्हणाले. आप्पांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

संध्याकाळी मुंग्या आल्या. अंगणातून उंबऱ्यावरून थेट स्पीकरपर्यंत काळी रेघ. विद्याश्री जाळ्या काढायला निघाली, तर आप्पा आडवे आले. त्यांनी स्पीकर दोन स्टुलांवर चढवले आणि स्टुलांच्या पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या. मुंग्या थांबल्या. मग खिडकीतून मधमाश्या आल्या. मधमाश्यांना वाट्यांचं काही नव्हतं. त्या दोन्ही जाळ्यांवर बसल्या आणि भजनाबरोबर त्यांचंही सुरू झालं. आप्पा म्हणाले, साथ चांगली मिळाली.

घरातली माणसं स्वयंपाकघरातून मागच्या दारानं ये-जा करू लागली. शिवकुमार कागलच्या एमआयडीसीत कामाला. तो शिफ्टवरून आला की हेल्मेट न काढताच हॉल ओलांडून खोलीत जायचा. आप्पांना मात्र एकही माशी चावली नाही. ते मधोमध खुर्चीत डोळे मिटून बसायचे.

एका सकाळी भजन चालू असताना मल्लव्वा पदर डोक्यावरून गच्च ओढून हॉलमध्ये आल्या. त्यांनी बटण बंद केलं. मी खिडकीबाहेरच होतो.

"स्वामी जनरेटरलाच म्हणालं हुतं," त्या म्हणाल्या. "मी पुढंच बसलोतो."

आप्पा त्यांच्याकडं बघतच राहिले. "मग आजवर बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

मग आप्पांनी खाली बघत विचारलं, "आणि माझं गाणं? कसं झालं हुतं?"

"मला काय ठावं. मला झोप लागलीती."

"झोप?"

"शिवकुमार तान्हा हुता. दिस न्हाय, रात न्हाय, नुसता रडायचा. कुणाकडनं गप हुईना. तुमी तिथं उभं ऱ्हाऊन गायला लागलासा, आणि ह्यो मांडीवर असा झोपला म्हणून सांगू. मग माझा बी डोळा लागला. जनरेटरनं उठवलं. माझं डोकं हिच्यावर, हिचं तिच्यावर, बायकांची सगळी ओळच झोपलीती."

आप्पांनी बायकांच्या ओळीचं पुन्हा विचारून घेतलं. किती लांब होती, कोणकोण होतं. मल्लव्वांना आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं. आप्पांच्या तोंडावर हळूहळू असा भाव आला की जणू मठानं त्यांना शाल घातली.

त्यांनी स्वतः विद्याश्रीला हाक मारली. "काढ गं त्या जाळ्या. धू चांगल्या." या वेळी तिला तीनदा पाणी बदलावं लागलं, आणि माश्या बादलीपर्यंत सोडायला आल्या. आता ते दुधी जाळ्यांचे स्पीकर विद्याश्रीकडं असतात. ती स्वयंपाक करताना त्यांच्यावर तिची गाणी लावते.

आप्पांचं भजन आता प्रत्यक्षच ऐकायला मिळतं. गल्लीत कुणाचं मूल झोपत नसलं की त्यांना बोलावणं येतं. आमची रक्षिता दात येताना फार किरकिर करायची. आप्पा आले, पाळण्याजवळ उभं राहून त्यांनी सूर लावला. रक्षिता झोपली, माझी बायको भिंतीला टेकून झोपली, आणि मला जाग आली तेव्हा आप्पा कधीच निघून गेले होते. दार नीट ओढून घेतलं होतं.

परवा गंगावेशीतून एक गवळी त्यांना न्यायला आला. त्याची म्हैस धारेला उभी राहत नव्हती, लाथा मारत होती. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, भस्म लावलं आणि गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय झालं आप्पा? दिली का धार?"

"न्हाय," आप्पा चपला काढत म्हणाले. "म्हस झोपली की."