बाळंतिणीच्या न्हाणीचा दगड

न्हाणीचा दगड घासायचा तर आधी त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. हे मी आजवर किती पोरींना सांगितलं असेल, पण ऐकतंय कोण! घागरभर पाणी ओततात आणि मग चिकटा निघत न्हाई म्हणून बोंब मारतात. अगं, तेलावर पाणी ओतलं की ते पसरणारच. आधी कोरडी राख टाकावी, चांगली बोटभर. ती तेल पिते. मग भाताचं तूस घेऊन नारळाच्या सोडणानं रगडावं, मग राखेचं निवळलेलं कढत पाणी, आणि शेवटी चिंच. अर्ध्या सकाळचं काम. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण ते काम मी एकदा वेळेवर केलं नाही.

आमचं घर गुंद गावाच्या पलीकडं, रानाला लागून. न्हाणीत नदीतून आणलेला काळा दगड बसवलेला आणि त्याच्या शेजारीच हंड्याची चूल. तेव्हा माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. धाकट्या दिराची बायको मात्र दोन वर्षांमागं आली आणि तिला पोरगी झाली. सगळं घर तिच्याभोवती नाचत होतं. माझा जळफळाट व्हायचा, आता खोटं कशाला बोलू? तिच्या अंगाला चोळायचं खोबरेल मीच तापवायची, डाळीचं पीठ मीच कालवायची, आणि मनात म्हणायची, हे सगळं माझ्यासाठी कधी?

आमच्याकडं रीत अशी, की बाळंतीण जिथं न्हाते तो दगड बारा दिवस घासायचा नाही. तिच्या अंगावरचं तेल-पीठ दगडावरनं खरवडलं की तिचं दूध आटतं म्हणतात. बाराव्या दिवशी सुवेराचा विटाळ फिटला की थोरल्या सुनेनं दगड घासायचा आणि त्यावर हळदकुंकू वाहायचं. थोरली सून मी.

चौथ्या दिवसापर्यंत दगडावर पिवळा, मेणचट थर बसला. दिवस पावसाळी, काही वाळायचं नाव नाही. जाऊ मला म्हणाली, "अक्का, दगड लई बुळबुळीत झालाय गं. पाय ठरत न्हाई. जरा घासतीस काय?"

"बाराव्याला घासू. तुलाच दूध नको असलं तर सांग," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी तिनं परत सांगितलं. भिंतीला धरून उभी होती बिचारी. "घासू नको, अक्का. नुसती राख टाक. आत्याबाईंना मी सांगते." सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो.

राख टाकणं म्हणजे घासणं नव्हे, हे मला काय कळत नव्हतं? चुलीपुढं राखेचा ढीग पडला होता. हात लांब केला असता तर मूठ भरली असती. पण मी म्हटलं, "रीत म्हणजे रीत. बाळंतिणीनं लई तोंड चालवू नये." आणि असं म्हणताना मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरले नाही.

आठव्या दिवशी सकाळी सुईण पोरीला न्हाऊ घालून पुसायला आत घेऊन गेली. जाऊ न्हाणीतून एकटीच उठायला गेली. मी परसात लाकडं काढत होते. नारळ पडल्यासारखा आवाज झाला. धावत गेले तर ती चुलीच्या कडेवर डोकं आपटून पडलेली. डॉक्टर तिकडं हल्याळला, मधे सगळं रान आणि नदीला पूर. गावातल्या वैदूनं पाला वाटून बांधला. दोन दिवस ती नुसती पडून होती, डोळे उघडे. पोरीला छातीशी धरलं की पोरगी प्यायची. दूध होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला नेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "आता घास बाई तो दगड. आता काय राहिलंय?"

मी घासला. राख, तूस, सोडण, कढत पाणी, चिंच, मघाशी सांगितलं तसंच. अर्ध्या सकाळीत दगड लख्ख झाला. बोटांची सालटी निघाली, पण त्याचं काही वाटलं नाही.

पोरगी माझ्या पदरात आली. दिरानं दुसरं लग्न केलं आणि तो रामनगरकडं निघून गेला. शेळीच्या दुधावर वाढवली मी तिला. ती मला आई म्हणायची. जन्म देणारी कशी गेली म्हणून कुणी विचारलं तर "पाय घसरून" असं सांगायची. मी तिला तेवढंच सांगितलं होतं. आणि ते खरंही होतं, नाही का?

सोळा-सतरा वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. मुलगा झाला. पहिल्या दिवसापासून मी रोज दगड घासायला बसले. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून कुजबुजल्या, सुईण तर तोंडावर बोलली. मी म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची रीत! पण पोरगी घाबरली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, असं का करतीस गं? माझं दूध आटलं तर?"

मी हातातलं सोडण खाली ठेवलं. "तुझ्या आईचं आटलं न्हवतं," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. राखेचंसुद्धा.

तिनं मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं. मग तिनं विचारलं, "तिनं सांगितलं हुतं तुला?"

"व्हय."

"किती वेळा?"

"दोनदा."

मला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख घेऊन न्हाणीत गेले, तर सहा दिवसांची बाळंतीण दगडावर ओणवी होऊन स्वतःच रगडत होती. दात आवळलेले, कपाळावर घाम.

"अगं ऊठ, मी करते," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "तुम्ही नको, काकी," ती म्हणाली. "राख तेवढी ठेवा तिथं."

मी राख ठेवली आणि बाहेर आले.