एका कान्याचं अंतर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. माझ्या वर्कशॉपमधले कारागीर अजून माझ्याकडं पाठ करून हसतात. समोरून हसायची त्यांची हिंमत नाही, एवढंच.

मला एक खोड आहे. फोनमध्ये काही नवीन आलं की मला राहवत नाही. त्यातून नकाशात काही नवीन आलं, तर विचारूच नका! गोकुळ रोडला माझं पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. दिवसभर पंप उघडून आत काय आहे ते बघायचं, हाच आपला धंदा. मग नकाशा तरी न उघडता कसा राहीन? बरं, गिऱ्हाइकं सगळी कन्नड, म्हणून फोन मी कन्नडातच ठेवलाय. घरात मराठी, बाहेर कन्नड. हुबळीत कुणालाही विचारा, सगळ्यांचं असंच असतं.

मध्यंतरी नकाशात कळायला लागलं, की कुठल्या दुकानात आत्ता किती गर्दी आहे. मी पहिल्यांदा काय बघितलं असेल? माझंच वर्कशॉप! तर तिथं लिहिलेलं, ‘नेहमीपेक्षा कमी गर्दी.’ आता हे त्याला कुणी सांगितलं हो? आत मी एकटा बसलो होतो!

मग पेट्रोल वाचवणारा रस्ता आला. त्या रस्त्यानं धारवाडला गेलो, तर त्यानं नेऊन घातलं ते थेट सुभाष रोडला, भर बाजारात, ऐन खरेदीच्या वेळेला. पुढं भाजीची गाडी, मागं रिक्षा, मी मधे इंजिन बंद करून बसलेला. पेट्रोल वाचलं, खोटं कशाला बोलू?

आमची ही, म्हणजे शैला, म्हणते, “तुम्हाला रस्ता नको असतो, तुम्हाला बटण पाहिजे असतं.” म्हणू दे. पण नवीन बटण दिसल्यावर ते दाबलं की काय होतं, हे बघावंसं वाटत नाही असा माणूस मला अजून समजलेला नाही.

तर झालं असं. आमच्या अक्षताचं लग्न जमत आलं होतं. जमत आलं होतं म्हणजे, तिनंच जमवलं होतं! मुलगा तिच्या ऑफिसातला, आडनाव माने. हे आडनाव जरा लक्षात ठेवा. मुलगा चांगला, पोरीचं मन बसलेलं, पत्रिकाबित्रिका कुणी मागत नव्हतं. राहिलं होतं ते एवढंच, की आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलाचं घर बघून यायचं आणि मग त्यांनी येऊन आमचं बघायचं. आमच्यात ही रीत आहे. घर बघायचं म्हणजे बघायची असतात माणसं, पण म्हणायचं ‘घर बघायला जातोय’.

आमच्याकडचं वडीलधारं माणूस म्हणजे साताऱ्याची आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं एकदा ‘नको’ म्हटलं, की आमच्या खानदानात पुढं कुणी ‘का?’ म्हणत नाही. म्हणजे सगळं घोडं तिच्यापाशी अडलेलं.

आत्या यायची होती त्याच दुपारी मान्यांना परगावी जायचं होतं. म्हणून ठरलं असं, की आत्या रेल्वेनं हुबळीला उतरेल, मी तिला स्टेशनवर घेईन आणि घरी न येता थेट मान्यांकडं नेईन. मानेही केशवापुरातलेच आणि आम्हीही केशवापुरातले, त्यांची बाजू वेगळी. निघताना अक्षता गाडीपाशी आली.

“अप्पा, एक सांगू? तिथं जाऊन काही नवीन करू नका. जायचं, चहा प्यायचा, हसायचं, परत यायचं.”

तिचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणालो, “बाळ, मी कशाला नवीन काय करतोय?”

खरंच सांगतो, तेव्हा मनात काही नव्हतं. पण स्टेशनवर आत्याला गाडीत बसवलं आणि पत्ता बघायला फोन काढला, तर नकाशावर ही मोठी पाटी! ‘नवीन सोय : आता टाइप करू नका, नुसतं बोला!’

सांगा, यात माझी काय चूक?

मान्यांच्या मुलानं घराची लिंक पाठवली होती. तिच्यावर नुसतं बोट ठेवलं असतं तरी काम झालं असतं. पण लिंक रोजचीच! मी फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “माने!”

फोन जरा गोल गोल फिरला. मी परत सांगितलं, “माने! मान्यांचं घर!”

“मनेगे होगोण,” फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. चला जाऊ या! मी आत्याकडं असं बघितलं, की ही सोय जणू मीच काढली आहे.

“अरे वसंता,” आत्या म्हणाली, “केशवापुरात तुझा जन्म गेला. तुला रस्ता विचारायला लागतो?”

“आत्या, रस्ता माहीत असणं वेगळं आणि हे बघणं वेगळं. सगळीकडं खणून ठेवलंय. ही बाई बरोबर चुकवून नेते.”

तेवढ्यात बाई बोलली, “एडक्के तिरुगी.”

आत्या ताठ झाली. “कुणाला येडका म्हणतीय ती?”

“अगं, ‘एडक्के’ म्हणजे कन्नडात डावीकडं. डावीकडं वळा म्हणतीय.”

“असं होय! मला वाटलं, ती तुला ओळखते.”

मी निमूट गाडी वळवली. वडीलधारं माणूस, आणि होकार तिच्या हातात.

मोठा रस्ता खणलेलाच होता. बाईनं आम्हाला एका बोळात घातलं. आता हा बोळ नकाशात नवीनच आला होता. पूर्वी तिथं नुसता कचरा आणि बाभळी. आता साफ करून काँक्रीट घातलेलं, आणि नकाशावाल्यांना तो आमच्या आधी कळला! मी तर खूश. ‘बघितलंस आत्या, बोळसुद्धा दाखवतात आता,’ असं सांगत सांगत गाडी नेली. दोन्ही बाजूंनी घरांच्या मागच्या भिंती. एका भिंतीशी बाई म्हणाली, “तलुपिद्दीरि.” पोचलात!

“मागच्या दाराला आणलं की रे हिनं,” आत्या म्हणाली.

“थांब, मान्यांना फोन करतो.”

मान्यांनी लगेच उचलला. “पोचला काय ओ? लई छान झालं की! थांबा, फोन ठेवू नका. मी येतोच बाहेर.”

मी फोन चालू ठेवला आणि शर्टाच्या खिशात टाकला. आम्ही दोघं गाडीतून उतरून उभे राहिलो. आत्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि घराकडं मान वर करून बघायला लागली.

“बरं झालं मागून आलो,” ती म्हणाली. “घर मागून बघावं. पुढून काय, सगळेच रांगोळी घालतात.”

एवढं बोलली, आणि वरून आमच्या अंगावर पाणी! बघतो तर गच्चीवरची टाकी भरून वाहतेय. भिंतीवरून धार लागलीय, आणि धारेच्या वाटेवर हे एवढं हिरवंगार शेवाळ. म्हणजे एक दिवसाचं काम नाही, रोजचंच!

आता मी पडलो पंपाचा माणूस. मला हे कसं सहन व्हावं?

“बघ आत्या! घरात पंप बंद करणारा एक माणूस धड नाही! अरे, टाकी भरली की पाणी बंद करणारा एक साधा फ्लोट बसवला तर काम होतंय. पण नाही. चिकटपणा! हे माने लोक बोलायला गोड, पण आतून आळशी दिसतात.”

“आणि भिंतीला रंग बघ,” आत्या म्हणाली. “ पुढं लावलेला असणार, मागं कोण बघतंय म्हणून सोडून दिलेला. अशी माणसं दिखाऊ असतात.”

“अगदी! आणि ती दोरी बघ. पट्ट्यापट्ट्याची चड्डी! आलेल्या-गेलेल्यांना दिसेल अशी कुणी वाळत घालतं का? माझ्याकडं पण अशीच आहे, पण मला लाज आहे.”

मला काही सुचायचं थांबेना. आत्याचा चेहरा कडक होत चालला होता, आणि मला अक्षताचा चेहरा आठवत होता. पण तोंड काही थांबलं नाही. तेवढ्यात आतून मिक्सरच्या आवाजावर चढून एका बाईचा आवाज आला. शब्द कळेनात, पण सूर असा, की भांडण नसलं तरी भांडणच वाटावं.

आत्यानं माझा दंड धरला. “ही सासू?”

“असणार. आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतोय खरा.”

“वसंता, ऐक माझं. पोर गरीब आहे. ह्या घरात मुलगी द्यायची नाही. गाडी फिरव.”

संपलं! पोरीला काय सांगू? मी म्हणालो, “आत्या, घाई नको, एकदा आत जाऊन बघू,” आणि तेवढ्यात कडी वाजली. मागचं दार उघडलं. हातात खरकट्याची बादली घेऊन शैला उभी.

आता मी काय म्हणालो असेन? कुणीही शहाणा माणूस क्षणभर थांबून चारी बाजूंना बघेल की नाही? मी म्हणालो, “शैला! तू आमच्या आधी कशी पोचलीस?”

“कुठं पोचलीस?” शैला ओरडली. “घरात आहे मी! माझ्या! तुम्ही मान्यांकडं जायचं सोडून आत्याबाईंना घेऊन गटारापाशी काय करताय?”

मी वर बघितलं. टाकी माझी. भिंत माझी. चड्डी... जाऊ दे.

अहो, तिथं राहून आयुष्य गेलं, पण मागून आपलं घर कोण बघतं? नकाशात वरून बघितलं होतं, रस्त्यावरून काढलेला पुढचा फोटो तर मी दहा जणांना दाखवला होता. मागून मात्र ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

आवाज ऐकून अक्षता धावत आली. तिनं एकदा मला बघितलं, एकदा आत्याला, आणि शांतपणे विचारलं, “अप्पा, तुम्ही फोनला काय सांगितलंत?”

“माने म्हणालो. मान्यांचं घर म्हणालो.”

तिनं कपाळाला हात लावला. “अप्पा! फोन कन्नडात आहे. कन्नडात ‘मने’ म्हणजे काय?”

मने म्हणजे घर! आणि नकाशात ‘घर’ म्हणून आमचाच पत्ता भरलेला! माझ्या जिभेवरचा शब्द हो, दिवसातून शंभरदा येणारा! माने आणि मने, अंतर एका कान्याचं, आणि दोन कान असून मला ऐकू आलं नाही. वर मी ‘घर’ पण म्हणालो होतो. एकदा कन्नडात घर, एकदा मराठीत घर. त्या बाईला वाटलं असेल, बिचाऱ्याला घरी जायची फार घाई झालीय.

आत्या माझ्या भिंतीवरच्या शेवाळाकडं परत एकदा बघून म्हणाली, “वसंता, मघाशी मी बोलले ते मागं घेते. ह्या घरात मुलगी देऊ नको म्हटलं होतं. आता म्हणते, ह्या घरातून मुलगी लवकर बाहेर काढ.”

शैला हसली, अक्षता हसली, मीही सुटलो म्हणून हसायला लागलो. आणि माझ्या खिशातून आवाज आला, “हॅलो?”

फोन! फोन चालूच होता!

“ऐकतोय ओ मी,” माने म्हणाले. “मी खाली रस्त्यावर उभा आहे. मघापासून हेच म्हणतोय, आमच्या घराला मागचं दारच नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आमचा.”

म्हणजे ‘माने लोक आतून आळशी’पासून सगळं त्यांनी ऐकलं होतं! अक्षताच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. ती वळून आत निघून गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून गाडीत बसलो आणि ह्या वेळी लिंकवर बोट ठेवलं.

मान्यांकडं पोचलो. घर स्वच्छ, माणसं शांत. चहा आला, चुरमुऱ्यांचा सुशीला आला. आत्या कुठं काही खोट सापडते का बघत होती, तिला काहीच सापडलं नाही. माने गंभीर चेहऱ्यानं बशीतला चहा पीत होते. मानेबाई पदर तोंडाला लावून सारख्या आत जात होत्या. मला वाटलं, रडतात की काय!

शेवटी मी हात जोडले. “मानेसाहेब, माझं चुकलं. काय वाट्टेल ते बोललो. पण पोरीला त्याची शिक्षा देऊ नका.”

मान्यांनी बशी खाली ठेवली.

“असं काय ओ बोलता! मुलगी आम्हाला पहिल्यापासून पसंत आहे. आता रीतीप्रमाणं आम्ही तुमचं घर बघायला यायला पाहिजे, होय की नाही?”

“या की! कधीही या!” माझा जीव भांड्यात पडला.

“नको,” माने म्हणाले. “आम्ही लोकांकडं चौकशी केली असती, तर त्यांनी चार गोष्टी झाकून सांगितल्या असत्या. मुलीच्या बापानं स्वतः फोनवर एवढं सविस्तर सांगितल्यावर आता बघायचं काय राहिलंय?”