चिघळलेले टाके मोजणारी मेघा

हसू नका, पण मेघा सिस्टरला मी आधी चोरटी समजले होते! धुळ्याच्या दवाखान्यात पिशवीचं ऑपरेशन करून मी पारोळ्याला घरी आले, तर नवव्या दिवशी हिचा फोन. "अक्का, टाक्यांतून पाणी येतं का? ताप?" म्हटलं, झालं, आता ही ओटीपी मागणार. "तुले काय करनं शे मना टाकास्नं?" असं खडसावून फोन आपटला. आणि बघते तर साडीवर पिवळा डाग.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेले. पोरगी एवढीशी, चाल मात्र फौजदाराची. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीला महिनाभर फोन करायचे, किती जणींची जखम चिघळली ते मोजायचं आणि तो आकडा फळ्यावर लिहून लोकांना दिसेल असा लावायचा, हे तिचं काम. डॉक्टरसाहेबांनीच हौसेनं दिलेलं. पाच महिने शून्य होतं, फळा बाहेर स्टुलावर टेकवलेला, तोवर साहेब खूश.

माझी जखम पाहून ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच, मी समोरच्या बाकावर. कान काय घरी ठेवून येणार?

"सर, त्या मंगळवारच्या तिघी चिघळल्या. आजची ऑपरेशनं थांबवा."

"या बायका घरी हळद लावतात, मेघा. ते आपलं धरू नकोस."

लावली होती हो मी हळद! मान खाली घातली.

"अक्कांनी लावली असेल. नूतनताईंनी नाही, सुंदरबाईंनी नाही. तिघींची हत्यारं एकाच डब्यात वाफवली होती, सर."

"वाफेचं मशीन ठीक निघालं, तर उद्यापासून येऊ नकोस."

बाहेर चौघी उपाशीपोटी, हिरवे झगे घालून बसलेल्या. साक्रीकडची सपना माझ्या शेजारीच. मेघानं डब्याच्या मधोमध कागदाची पट्टी ठेवली. वाफ नीट पोचली तर ती काळी होते. मशीन सुरू झालं. पाऊण तास नुसतं फुसफुस.

"मावशी, माझा नंबर कधी?" सपनानं माझा पदर धरला. पळ म्हणू, की बस म्हणू?

डबा उघडला. पट्टी मधे फिक्कटच.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. चौघींना जेवून घरी जायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, "तीन लिही. पण फळा आत स्टोअरमध्ये लाव."

"तिथे कोण वाचणार, खोकी?"

"बाहेर खिळा नाही."

"आहे ना सर. तुमच्या सत्काराच्या फोटोचा."

"अगं, त्यात मंत्री आहेत!"

"त्यांना टाके पडलेत का?"

ती स्टुलावर चढली, फोटो काढून त्यांच्याच हातात दिला.